ऐकून घेतल्यानंतरचं काम

मंडळीतल्या महिला संघाची सभा बहुतेक ठिकाणी एकाच क्रमानं चालते. गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, संदेश, प्रार्थनाविनंत्या, वर्गणी, सूचना, प्रभूची प्रार्थना आणि चहा. संदेश देणारी आठवडाभर तयारी करते, वर्गणीची वहीत नोंद होते, चहाची पाळी ठरलेली असते. प्रार्थनाविनंत्या मात्र येतील तशा येतात आणि एका लांब प्रार्थनेत एकत्र करून देवाच्या हवाली केल्या जातात. पुढच्या आठवड्यात त्यांतल्या कुणाचं काय झालं हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं, की सभेतला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. महिला संघ चांगला चालला की नाही हे हजेरीवरून, नाताळाच्या कार्यक्रमावरून किंवा कापणीच्या सणाच्या लिलावात जमलेल्या रकमेवरून ठरवू नये. विनंत्यांच्या त्या पंधरा मिनिटांत जे कानावर आलं त्याचं पुढे काय झालं, यावरून ठरवावं.

नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मंडळीत मी बरीच वर्षं महिला संघाचं काम केलं, त्यांतली काही अध्यक्ष म्हणून. मंडळी अमेरिकन मराठी मिशनच्या काळातली. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा त्यात आलेली. संघात निवृत्त शिक्षिका आहेत, दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेल्या आहेत, भाजी विकणाऱ्या, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या आहेत आणि पुण्यात शिकून इथं नांदायला आलेल्या सुनाही आहेत. पुढे जे सांगते आहे त्यातल्या बायकांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

विनंत्यांची एक ठरीव भाषा असते. "आमच्या घरातल्या शांतीसाठी प्रार्थना करा" असं एखादी म्हणाली की जाणत्या बायका मान खाली घालतात. नवरा पितोय, किंवा हात उचलतोय, किंवा दोन्ही, हे त्यांना कळलेलं असतं. "मुलाच्या कामाचं बघा" म्हणजे मुलानं तिशी ओलांडली आणि घरावर कर्ज आहे. "माझ्या तब्येतीसाठी" म्हणजे डॉक्टरनं पिशवी काढायला सांगितली आहे आणि पैशाची सोय नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या जाण्याचा बीड जिल्ह्यातला प्रश्न २०१९ साली गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. तो प्रश्न कागदावर येण्याच्या कितीतरी आधी बायकांना एकमेकींच्या पोटावरचे टाके माहीत होते. घरोघर फिरून सर्व्हे करणाऱ्याला जे विचारता येत नाही, ते आमच्या सतरंजीवर दर गुरुवारी दुपारी न विचारता सांगितलं जातं. इतकं कळल्यावर आमेन म्हणायचं आणि कप आणायला उठायचं, हे मला कधी पटलं नाही.

प्रार्थनेवर माझा पूर्ण विश्वास आहे. अडचण प्रार्थनेची नाही. चारचौघींसमोर मोठ्यानं केलेली विनंती देवानं ऐकली तशी शेजारी बसलेल्या बाईनंही ऐकलेली असते, आणि तिच्यावर त्यानं काही जबाबदारी येते की नाही, हा माझा प्रश्न आहे.

पहिल्या मंडळीला हा प्रश्न पडला होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीतला एक तंटा नोंदलेला आहे. तो शिकवणुकीवरून झालेला नाही, अन्नावरून झालेला आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं आणि त्यावरून कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी त्या बायकांना सहन करायला सांगितलं नाही. कुरकुर करणं विश्वासणाऱ्याला शोभत नाही, असंही सुनावलं नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावलं, सात जण निवडायला लावले आणि त्यांच्यावर हात ठेवून ते काम सोपवलं. त्या सातांची नावं वाचावीत: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप दिलं गेलं, असं मानायला जागा आहे. डीकनपदाचा उगम परंपरा इथंच मानते. मंडळीतलं एक अख्खं सेवकपद गरीब बायकांच्या तक्रारीतून उभं राहिलं. त्या सातांत एकही विधवा नव्हती, ही त्या प्रकरणातली उणीव मला दर वाचनात खुपते. तरी तक्रारीतून कामाची व्यवस्था निघते एवढं तरी तिथं दिसतं, आणि आमच्या सभांमधून तेवढंही निघत नव्हतं.

व्यवस्था लावायची म्हटलं की पहिला मुद्दा गुप्ततेचा येतो. मंडळीत गुरुवारी सांगितलेली विनंती शुक्रवारी भाजीबाजारात पोचते आणि रविवारी तिच्या नवऱ्याच्या कानावर जाते. मग सोमवारी काय होतं ते सांगायला नको. ज्या बाईला खरोखर मदत हवी असते ती म्हणूनच "शांतीसाठी" एवढंच म्हणते आणि गप्प बसते. तिला दोष देता येत नाही. आम्ही विनंत्यांचे दोन मार्ग केले. ज्या उघड सांगण्यासारख्या आहेत त्या सभेत. बाकीच्या सभा संपल्यावर, संघानं निवडलेल्या दोघींपैकी एकीला. त्या दोघींनी नाव कुठंही लिहायचं नाही, घरी बोलायचं नाही आणि त्या बाईनं सांगितल्याशिवाय पाळकसाहेबांनाही कळवायचं नाही.

या शेवटच्या अटीवरून बराच वाद झाला. मेंढपाळाला कळपातलं सगळं माहीत असायला हवं, असं वडीलमंडळींचं म्हणणं होतं. त्यात तथ्य आहे, पण पाळक हा तिच्या नवऱ्याचाही पाळक असतो. दोघांना समोर बसवून प्रार्थना करून घरी पाठवणं हा त्यांचा सरळ मार्ग असतो, हेतू चांगला असतो आणि मार त्याच रात्री पडतो. आपली गोष्ट कुणाला कळावी हे बाईनं स्वतः ठरवावं, हा मुद्दा मी सोडला नाही आणि कुठल्याही संघानं सोडू नये.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे, पण माझ्या अनुभवात तिनंच सगळ्यात जास्त बदल केला. विनंती ऐकल्यावर त्या बाईला एक प्रश्न विचारायचा: "तुला आमच्याकडून काय हवंय? नुसती प्रार्थना, का सोबत यायला कुणी?" बहुतेक जणी पहिल्यांदा नुसती प्रार्थनाच म्हणतात. तेवढंच करायचं, पुढे ढकलायचं नाही. एका काकूंनी जवळजवळ वर्षभर दर वेळी तेच उत्तर दिलं आणि एका गुरुवारी चपला घालता घालता म्हणाल्या, "ताई, उद्या तालुक्याला येशील का?" अडलेल्या बाईला सल्ला देणाऱ्या पुष्कळ असतात. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत तिच्याबरोबर उभी राहणारी, पोलीस ठाण्यात बाकावर शेजारी बसणारी मिळत नाही. मुंबई पोलिसांबरोबर टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे तो नमुना राज्यात पसरला. अशी सोय आहे हे आमच्या मंडळीत कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी एकटी कुणी गेली नसती.

इथं मला मंडळीतल्या एका शिकवणुकीबद्दल स्पष्ट बोलायचं आहे. मार खाणाऱ्या बाईला आपण सांगत आलो, की हा तुझा वधस्तंभ आहे, तो उचल. हे शास्त्राला धरून नाही. प्रभूनं वधस्तंभ स्वतःच्या इच्छेनं, दुसऱ्यांच्या तारणासाठी स्वीकारला आणि शिष्यांना बोलावलं तेही स्वेच्छेनं मागे येण्यासाठी. रोज रात्री दारूच्या भरात पडणारी लाथ कुणाचं तारण करते? ती मारणाऱ्यालाही पापात खोल नेते. तिला पवित्र शब्द लावणं म्हणजे त्या पापाला मंडळीचा आशीर्वाद देणं आहे. हे व्यासपीठावरून पुरुषांना सांगितलं गेलं पाहिजे. आमच्याकडे एका पाळकसाहेबांनी उत्तम शुक्रवारच्या उपासनेत ते सांगितलं. त्या दिवशी देवळाच्या पुरुषांच्या बाजूला जी शांतता होती ती मंडळीला हवीच होती.

ख्रिस्ती बाईच्या सोशिकतेला कायद्यानंही पुष्कळ काळ खतपाणी घातलं. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणं पुरत होतं. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणंही सिद्ध करावं लागे. म्हणजे नुसता मार, कितीही असला, तरी पुरेसा नव्हता. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ही तरतूद घटनाबाह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेनं कायदाच बदलला. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे आणि नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क देतो. हे आमच्या संघात सांगायला एक वकीलबाई आल्या तेव्हा काही जणींनी विचारलं, देवळात हा विषय कशाला? पण त्या दिवशी विनंत्यांच्या वेळेला कुणी "शांती" म्हटलं नाही. तीन बायकांनी पहिल्यांदा सरळ वाक्यात काय होतंय ते सांगितलं. बोलल्यानं काही होऊ शकतं हे कळल्यावर माणूस नेमकं बोलू लागतो.

वारसाहक्काचंही तसंच. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर एक तृतीयांश बायकोला आणि उरलेलं मुलगे-मुलींना सारखं. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क मिळायच्या किती आधीचं हे आहे! आणि तरी आमच्या बहुतेक बायकांनी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलेलं असतं, कारण माहेरची वाट बंद होईल ही भीती. त्यांनी सही करू नये असं मी कधी म्हटलं नाही. सही कशावर करतोय ते वाचून करावी, एवढाच आग्रह धरला. पुढे एकीनं कागद वाचला, अर्धा एकर स्वतःकडे ठेवला, आणि भाऊ अजून नाताळाला फराळाचा डबा घेऊन येतो.

आता पैसा. १९९२ साली नाबार्डनं बचतगट बँकांना जोडायला सुरुवात केली आणि त्यानंतर महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायका पासबुक हाताळायला, ठराव लिहायला, कर्जाची चौकशी करायला शिकल्या. आमच्या संघातल्या निम्म्या बायका कुठल्या ना कुठल्या गटात आहेत. मंगळवारी गटात त्या मॅनेजरला व्याजाचा हिशेब विचारतात. रविवारी त्याच बायका कापणीच्या सणाला केक, लोणची, कोंबड्या, ज्वारीची पोती आणून लिलावाचे पैसे पास्टोरेट कमिटीच्या हाती देतात आणि त्याचं काय झालं हे विचारत नाहीत. बाहेर व्यवहार करणारी बाई देवळात आली की स्वयंपाकीण का होते? आपणच तिला तेवढंच काम दिलं म्हणून. आम्ही स्वतंत्र पासबुक मागितलं. एका मंडळीची दोन खाती नकोत, असं उत्तर आलं. हिशेब तपासनीस एकच असू दे, पण सह्या बायकांच्या हव्यात, यावर अखेर मान्यता मिळाली. दर तिमाहीला हिशेब मोठ्यानं वाचला जातो, म्हणजे वाचता न येणारीलाही कळतो.

त्या पैशातून फार मोठी कामं झाली नाहीत. जास्तीत जास्त खर्च एसटीच्या भाड्यावर झाला. दवाखान्याला, कोर्टाला, माहेरी जायचं तर बाईला नवऱ्याकडे भाडं मागावं लागतं आणि कशाला हे सांगावं लागतं. पुष्कळ गोष्टी तिथंच थांबतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा ज्या मोकळेपणानं आमच्या बायका बोलल्या, त्यावरून ही अडचण किती मोठी होती ते कळलं.

अध्यक्षपदाबद्दल थोडक्यात. पुष्कळ मंडळ्यांत पाळकीणबाई आपोआप अध्यक्ष होतात. त्यांना पगार नाही, निवड नाही, नकार देण्याची सोय नाही, आणि काही वर्षांनी बदली झाली की संघाचं काम पहिल्यापासून. हे त्यांच्यावरही अन्यायाचं आहे. निवडणूक घ्यावी, मुदत ठरवावी, आणि अक्षरओळख ही अट ठेवू नये. आमच्या संघाची सगळ्यात चांगली खजिनदार भाजी विकणाऱ्या एक मावशी होत्या. उपासनेतली गीतं त्यांना तोंडपाठ होती, हिशेब डोक्यात होता. लिहायला त्यांची नात बसायची. लक्ष्मीबाई टिळक शाळेत न जाता घरी वाचायला शिकल्या आणि पती टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनी पुरं केलं, हे नगरच्या मंडळीला वेगळं सांगायला नको.

जातीबद्दल थोडक्यात बोलून चालणार नाही. आमचे आजे-पणजे बाप्तिस्मा घेऊन आले ते बहुतेक महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून. प्रभूच्या मेजावर सगळे एक झाले, हे खरं. पण कापणीच्या सणाला स्वयंपाकघराची किल्ली कुणाच्या कमरेला आणि मोठी पातेली कुणाच्या हातात, हे नीट पाहिलं तर जुनी उतरंड अजून दिसते. लग्नं ठरताना तर स्पष्टच दिसते. संघात कोण बोलतं आणि कोण ऐकतं तेही यावर अवलंबून असतं. यावर भाषणं करून काही झालं नाही. सभा देवळाच्या हॉलमधून हलवून घरोघरी, पाळीनं, पत्र्याच्या खोलीतही घेतली आणि जिच्या घरी सभा तिच्या हातचं सगळ्यांनी खायचं ठरवलं, तेव्हा फरक पडला. हॉलमध्ये तोंड न उघडणाऱ्या बायका स्वतःच्या घरात विनंत्या सांगू लागल्या. काही जणी त्या पाळीच्या दिवशी नेमक्या आजारी पडत, हेही लिहिलं पाहिजे. त्यांची संख्या कमी झाली, संपली नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप मी पुष्कळदा ऐकला: हे समाजकार्य झालं, आत्मिक काम कुठं आहे? आक्षेप घेणारे प्रामाणिक असतात, म्हणून उत्तर देते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुली आणि बायका विणकाम, शेती, छपाई शिकत होत्या. १९०५ साली मराठी मंडळीला माहीत असलेलं सगळ्यात मोठं आत्मिक जागरण तिथंच झालं. रमाबाईंनी दोन कप्पे केले नव्हते. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग छावणीत बायकांचे काय हाल होतात हे त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहिलं आणि ते प्रकरण इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नरनं त्यांचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला, त्या मागे हटल्या नाहीत. त्याआधी इंग्लंडात असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही हे मुंबईचे आणि लाहोरचे बिशप ठरवू लागले, तेव्हाही त्यांनी आपलं मत स्पष्ट लिहून कळवलं होतं. आपण दरवर्षी त्यांच्या फोटोला हार घालतो. त्यांनी ऐकलेलं लिहून काढलं आणि अधिकाऱ्यांपुढे ठेवलं, ही आठवण त्या हाराबरोबर काढली जात नाही.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी आपल्याकडे जागतिक प्रार्थना दिन होतो. दरवर्षी एका देशातल्या बायका उपासनेचा क्रम लिहितात आणि त्यात स्वतःच्या देशातली दुःखं नावानिशी सांगतात. २०२४ साली तो क्रम पॅलेस्टाईनच्या बायकांनी लिहिला होता. आपण दूरच्या बायकांची दुःखं इतक्या नेमकेपणानं वाचतो, तर शेजारच्या सतरंजीवरचीच का "शांती" या शब्दात झाकून ठेवायची?

महिला संघात काम करणाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे. पुढच्या वार्षिक सभेत तीन ठराव आणा: विनंत्या गुप्तपणे ऐकायला दोघींची निवड, संघाच्या खात्यावर बायकांच्या सह्या, आणि पास्टोरेट कमिटीच्या प्रत्येक बैठकीत संघाच्या कामाला एक विषय म्हणून जागा. विरोध होईल. तिसऱ्या ठरावाला सगळ्यात जास्त होईल. आमच्याकडे तो अजून मंजूर झालेला नाही, आणि येत्या सभेत आम्ही तो पुन्हा मांडणार आहोत.